मुखदुर्बळ माणसाचा उपचार



वैशाखाच्या दिवसांत चांद्याला संध्याकाळी सात वाजतासुद्धा वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा येतो. अशा वेळी घर सोडून आपण इतक्या संख्येने आलात, ह्याबद्दल आपले आभार. चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांना बहुधा वाटले असावे की हा संघटनेचा माणूस आहे, किमान वेतन आणि कंत्राटी पद्धती ह्यांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे द्वारसभांतून बोलत आलो आहोत. आज मात्र आम्हांला एका दुखण्याविषयी बोलावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही सातवीतच सुटली. जे थोडे कळले ते वाचून, विचारून आणि मुख्यतः एक मोठी चूक करून कळले. ती चूक आधी सांगितली पाहिजे, म्हणजे हा विषय आमच्या पदरात कसा पडला ते आपल्या ध्यानात येईल.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उघड्या कोळसा खाणीत माती उपसण्याचे कंत्राटी काम चालले होते. ठेकेदार सव्वीस दिवस राबवून घेई आणि एकोणीस दिवसांचे पैसे देई. हजेरीचे बुक त्याच्याच हातात. कामगारांपाशी पुरावा म्हणाल तर एकच होता. सिंदेवाहीकडचा एक पोरगा रोज रात्री शाळेच्या वहीत कोण कामावर आले, किती वाजता सुटले, हे बारीक अक्षरात टिपून ठेवी. चार महिन्यांची हजेरी त्या वहीत होती. आम्ही म्हटले, आता काम फत्ते. श्रम अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली तेव्हा आम्ही त्याला उभा केला. अधिकाऱ्याने नाव विचारले. पोराच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, वही हातात थरथरू लागली, ओठ हलले, पण आवाज निघेना. ठेकेदाराचा माणूस हसला. अधिकाऱ्याने पुन्हा विचारले. पोरगा वही टेबलावर टाकून बाहेर निघून गेला. वही लिहिणाराच बोलत नाही म्हटल्यावर तिला कोण विचारतो? शेवटी निम्म्याहून कमी पैशांवर तडजोड करावी लागली.

बाहेर चहाच्या टपरीवर साठ माणसांसमोर आम्ही त्याला फैलावर घेतले. हाच पोरगा दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावच्या नाटकात राजाचे काम करी. आपली झाडीपट्टीची नाटके आपल्याला ठाऊकच आहेत. मांडव भरून माणसे रात्रभर बसलेली असतात. आम्ही म्हणालो, "तिथे वाचा फुटते आणि साहेबापुढे बसते? हे सगळे नाटक आहे. ठेकेदाराने तुला किती दिले?" हे शेवटचे वाक्य आमच्या तोंडून गेले, ते आज तितक्याच माणसांसमोर कबूल करणे आम्हांला बरे वाटते. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. मिरची तोडावयास तेलंगणात गेल्याचे कानावर आले.

आठ महिन्यांनी त्याची आई आमच्या दारी आली. म्हणाली, "भाऊ, माह्या पोरानं पैसे नाही खाल्ले. त्याले माणसायचा भेव वाटते." मग तिने एकेक सांगितले. सातवीपासून पोरगा असा. लग्नाच्या पंगतीत बसत नाही, कारण घास उचलताना हात कापतो तो लोक पाहतील. रेशनच्या दुकानात बहिणीला पाठवतो. कोणी वडीलधारे समोरून आले तर वाट बदलतो. कुठे जाणे अगदी भागच पडले तर आधी पव्वा मारतो. पुढे त्याची भेट झाल्यावर आम्ही विचारले, "मग नाटकात कसे जमते?" तो खाली पाहत म्हणाला, "तिथं मी नसतो ना, भाऊ. तिथं राजा असते."

श्रोतेहो, ह्या दुखण्याला आपल्या भाषेत शब्द नाहीत असे नाही. भाषण करताना पाय लटपटतात त्याला सभाकंप म्हणतात. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही त्याला मुखदुर्बळ म्हणतात. परंतु हे शब्द आपण स्वभावाचे म्हणून वापरतो, दुखण्याचे म्हणून नव्हे. डॉक्टर ज्याला सामाजिक चिंताविकार, म्हणजे सोशल अँक्झायटी म्हणतात, त्यात मुळाशी एक भीती असते : लोक आपल्याकडे पाहत आहेत, आपली परीक्षा करीत आहेत, आणि आपली फजिती होणार. व्यासपीठाचीच भीती असते असे नाही. चारचौघांत जेवणे, बँकेत साहेबासमोर सही करणे, फोन उचलणे, दुकानात माप विचारणे, ह्यांतले काहीही भीतीचे होऊ शकते. बहुधा हे मिसरूड फुटण्याच्या वयात सुरू होते, आणि उपचार झाला नाही तर वर्षानुवर्षे राहते. पिएर जाने नावाच्या फ्रेंच वैद्याने १९०३ मध्येच ह्याची नोंद केली होती. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळावयास १९८० उजाडले.

लाजाळूपणा आणि हा विकार ह्यांत फरक काय, असे कोणी विचारील. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या लाजाळूपणावर एक प्रकरणच लिहिले आहे. विलायतेत शाकाहारी मंडळींपुढे लिहून नेलेले भाषणदेखील त्यांना वाचता आले नाही, दुसऱ्याने वाचून दाखविले. बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्नही न सुचता खाली बसले. पक्षकाराला दुसरा वकील पाहावयास सांगितले. पुढे ते लिहितात की हा लाजाळूपणा आपल्याला ढालीसारखा उपयोगी पडला, शब्द जपून वापरावयास शिकलो. गांधीजींना विकार होता असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्यांना ढाल मिळाली. आमच्या पोराला खाडे मिळाले, गाव सुटले आणि बाटली मिळाली. लाजण्याने माणसाचे किती बुडाले, शाळा किती, रोजी किती, लग्नकार्य किती, ह्याचा हिशेब करावा. बुडीत मोठे असेल तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

येथे आम्हांला थोडे आमच्या धंद्याचे बोलू द्या. प्रत्येक भीती म्हणजे आजार नव्हे. तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी पुडके मोजताना दहा-वीस पुडकी वाईट म्हणून बाजूला फेकतो आणि बाई गप्प राहते. ती गप्प राहते कारण बोलली तर उद्या तिचा पत्ताच घेतला जाणार नाही. ही भीती खरी आहे, शहाणपणाची आहे. तिला गोळी देणे म्हणजे मुन्शीची चाकरी करणे होय. गोंडी आणि माडिया बोलणारे मूल आश्रमशाळेत येते, तेथे मराठीत पहिले वाक्य बोलते, वर्ग हसतो, कधी शिकवणाराही हसतो. त्या मुलाची जीभ टाळ्याला चिकटली तर दोष कोणाचा? भीतीचे कारण समोर उभे असेल तर ते काम संघटनेचे, शाळेचे, ग्रामसभेचे. कारण निघून गेले, ठेकेदार बदलला, शाळा सुटून दहा वर्षे झाली, आणि तरीही छाती धडधडते, तर ते काम डॉक्टरचे. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात, आणि डॉक्टर व कार्यकर्ते दोघेही आपापल्या बाजूचेच तेवढे पाहतात. आम्ही तर वीस वर्षे एकच बाजू पाहिली.

आणि ही बाब आपल्या दोन जिल्ह्यांत इतर ठिकाणांहून अधिक महत्त्वाची का, तेही सांगतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात, हे देशभर ठाऊक आहे. पुढे अनेक ग्रामसभा आपला तेंदू आणि बांबू आपणच विकू लागल्या. फार चांगले झाले. परंतु आपल्याकडे मौनं संमतिलक्षणम् अशी जुनी समजूत आहे. जो भीतीने बोलत नाही तो संमतीत मोजला जातो. आमच्या द्वारसभांतही आम्ही "कोणाची हरकत?" असे विचारून पाच पळे थांबत असू आणि ठराव पास करीत असू. त्या पाच पळांत ज्याच्या पोटात गोळा उठला असेल त्याची हरकत आम्ही कधी मोजली नाही.

आता उपचाराकडे येतो. उपचार दोन प्रकारचे : बोलण्याचा आणि गोळीचा. बोलण्याच्या उपचाराविषयी लोकांचा समज असा की डॉक्टर धीर देतात, "घाबरू नकोस" म्हणतात. घाबरू नकोस असे आम्हीही पुष्कळ सांगितले होते. त्याने काडीचाही फरक पडला नाही. उपचार निराळा असतो. अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होऊन गेले. ते एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलावयास भयंकर भीत. त्यांनी ठरविले की न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पतिबागेत रोज जावयाचे आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की तिच्या शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलावयास सुरुवात करावयाची. ते स्वतः सांगत की महिन्यात १३० जणींपाशी जाऊन बसलो. ३० उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. एकीनेच पुन्हा भेटावयाचे कबूल केले आणि तीही आली नाही! म्हणजे हिशेबाने पुरते अपयश. परंतु कोणी चप्पल मारली नाही, कोणी पोलीस बोलावला नाही, आणि भीती गेली. १९५५ च्या सुमारास त्यांनी ह्यातून आणि पुष्कळ वाचन-मननातून आपली उपचारपद्धती उभी केली. कि. मो. फडके ह्यांनी ती मराठीत आणली, ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी ती लोकांपर्यंत पोचवली. मराठीत तिला विवेकनिष्ठ पद्धती म्हणतात. आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसालाही ती पुस्तके वाचून समजतात. (एलिस साहेबांचा प्रयोग मात्र कोणी चांद्याच्या बागेत करू नये. तेथे चप्पल बसेल.)

आम्ही त्या पोराला घेऊन नागपूरच्या सरकारी इस्पितळात गेलो. तेथल्या डॉक्टरबाईंनी त्याला विचारले, "लोकांना नेमके काय दिसेल असे वाटते?" तो म्हणाला, "हात कापतो ते दिसंल. मग म्हणतील, हा खोटा आहे." आम्ही खाली मान घातली, कारण अगदी हेच आम्ही म्हटले होते. मग बाईंनी कागदावर शिडी काढली. तळच्या पायरीवर सर्वांत कमी भीतीची गोष्ट, वरच्या पायरीवर सर्वांत मोठी. पहिली पायरी, पानठेल्यावर अनोळखी माणसाला वेळ विचारणे. दुसरी, रेशनच्या दुकानात स्वतः जाऊन माप विचारणे. तिसरी, एस. टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत दोन प्रश्न विचारणे. पुढे, हॉटेलात चहा गार आहे म्हणून परत करणे. मग पंगतीत बसून जेवणे. मग द्वारसभेत हजेरीची नावे मोठ्याने वाचणे. अगदी वरची पायरी, उभे राहून स्वतःचा एक प्रश्न विचारणे.

प्रत्येक पायरीच्या आधी वहीत लिहावयाचे : काय होईल असे वाटते. नंतर लिहावयाचे : प्रत्यक्षात काय झाले. वही लिहिण्यात आमचा पोरगा तरबेजच होता! पायरी एकदा चढून चालत नाही. भीती ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा चढावी लागते. आणि चढताना चोरवाटा बंद करावयाच्या. हात खिशात घालणे, पेला दोन्ही हातांनी घट्ट धरणे, वाक्य मनात दहादा घोकणे, नजर जमिनीत रुतवणे, ह्या त्या चोरवाटा. माणसाला वाटते ह्यांनीच आपण वाचलो, म्हणून भीती तशीच राहते. पळून जाण्याचेही तेच. पळाले की क्षणभर सुटल्यासारखे वाटते, पण मुद्दल तसेच राहून व्याज चढते. सावकाराचे आणि ह्या भीतीचे कोष्टक एकच.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार चमत्कारिक वाटली. असा माणूस बोलताना समोरच्याकडे पाहतच नाही. त्याचे सारे लक्ष स्वतःच्या छातीकडे, घामाकडे, आवाजाकडे असते, आणि आत जे वाटते तेच बाहेर दिसत असणार अशी त्याची खात्री असते. बाईंनी मोबाईलवर त्याचे दोन मिनिटे बोलणे टिपले. आधी त्याला विचारले, हात किती कापलेला दिसेल? त्याने दोन्ही हात वाऱ्यातल्या पानासारखे हलवून दाखविले. मग चित्र दाखविले. हात जरासा कापत होता. आम्हांला तर सांगितल्यावाचून दिसलाही नसता. पोरगा ते चित्र चारदा पाहून म्हणाला, "हा तं साधा माणूस दिसते."

अशा उपचाराच्या साधारण बारा ते सोळा बैठका होतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात मोठ्या माणसांसाठी हाच उपचार पहिला सांगितला आहे. ज्यांना तो नको असेल वा पुरेसा पडत नसेल त्यांच्यासाठी गोळी. आमच्या पोराला दोन्ही दिले, कारण नागपूरला दर आठवड्याला जाणे त्याला परवडणारे नव्हते आणि भीती इतकी होती की पहिल्या पायरीवरच पाय उचलेना.

गोळीविषयी गैरसमज फार. ह्या विकारात बहुधा एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ह्या जातीची औषधे देतात. ही झोपेची औषधे नव्हेत, गुंगीची नव्हेत. मेंदूत सेरोटोनिन नावाचे जे द्रव्य आहे त्याच्या व्यवहारावर ती काम करतात. घेतल्याबरोबर गुण येत नाही. चार-सहा आठवडे लागतात, पुरता गुण दिसावयास कधी तीन महिने. उलट आरंभी मळमळ, डोकेदुखी, झोपेत बिघाड, थोडी बेचैनी असा त्रास होतो, आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा माणूस गोळ्या फेकून देतो. कामेच्छाही काहींची मंदावते. हे लाजेने कोणी बोलत नाही, आणि लाज हाच आजार असलेला माणूस तर मुळीच बोलणार नाही, म्हणून डॉक्टरांनी आपण होऊन विचारले पाहिजे. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. क्वचित जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढतात, तसे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे. बरे वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम बंद केल्यास चक्कर, झटके आल्यासारखे वाटणे, असा त्रास होतो.

दुसरी जात अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. ह्यांनी अर्ध्या-पाऊण तासात छाती शांत होते, म्हणून त्या लोकप्रिय. परंतु त्यांची सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. मित्राच्या खिशातली अशी गोळी कोणी कधीही घेऊ नये. तिसरे औषध प्रोप्रॅनोलॉल. ते धडधड आणि हाताचा कंप कमी करते. एखाद्या दिवशी भाषण वा परीक्षा असेल तर काही डॉक्टर तेवढ्यापुरते देतात. रोजच्या, सगळीकडच्या भीतीवर त्याचा उपयोग नाही, आणि दमेकऱ्याने ते घेऊ नये.

आणि एक औषध आपल्याकडे बिनचिठ्ठीचे चालते, ते म्हणजे दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली आणि २०२१ मध्ये उठली. ह्या बंदीवर आपण मंडळींनी पुष्कळ वाद घातले, आम्हीही घातले. पण माणूस पितो कशासाठी, ह्याचे एक उत्तर त्या वादांत आम्ही कधी ऐकले नाही. काही माणसे मजेसाठी पीत नाहीत, दुःखासाठीही पीत नाहीत. लग्नमंडपाच्या दारातून आत पाऊल टाकता यावे एवढ्यासाठी पितात. आधी भीती असते, मागून दारू येते. अशा माणसाची नुसती दारू सोडवली आणि भीती तशीच ठेवली, तर तो पुन्हा पिणार. दुकान बंद असो वा उघडे.

जावे कोठे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. योगायोगाने गडचिरोली जिल्हाही त्याच वर्षी चांद्यापासून वेगळा झाला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी रुग्णालयातून चालतो. तेथे मानसोपचार विभाग कोणता ते विचारावे. औषधे महाग नाहीत, जनऔषधी दुकानांतही मिळतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. ज्याला फोनचीच भीती त्याला पहिला फोन शेजारच्याने लावून द्यावा. पण खरे ते सांगितले पाहिजे. गोळी देणारा डॉक्टर सापडेल. शिडी काढून बारा आठवडे बरोबर चढणारा माणूस जिल्ह्यात मोठ्या मुश्किलीने सापडतो. २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी झाली. महाराष्ट्र तीत नव्हता, आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. मानसिक आजाराच्या शंभरांतल्या सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचार मिळत नाही, असे तीत निघाले. भामरागड किंवा सिरोंच्याहून गडचिरोलीला यावयाचे म्हणजे रोजी बुडते. आणि आलेल्या माडिया माणसाला ज्या भाषेची भीती वाटते त्याच भाषेत आपली भीती सांगावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. हक्क कागदावरून दवाखान्यात कसा आणतात, हे आम्हां कामगारांना निराळे शिकवावयास नको. गोंडी व माडिया जाणणारे समुपदेशक नेमा, ही मागणी आता आमच्या मागणीपत्रकात आली आहे.

पोराचे काय झाले, हे आपण विचाराल. शिडीच्या बहुतेक पायऱ्यांवर आम्हीच त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी आम्हांला एकच काम सांगितले होते : बरोबर उभे राहावयाचे, त्याच्या वतीने बोलावयाचे नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्याला हे किती अवघड गेले असेल! रेशनच्या दुकानात तो थांबला की आमचे तोंड आपोआप उघडे. एकदा त्यानेच आमचा दंड दाबला. दारू एकदा सुटून पुन्हा लागली, पुन्हा सुटली. गोळी सव्वा वर्षाने उतरवली. पंगतीत जेवतो. सभेत भाषण तो आजही करीत नाही. करावे असा आमचा आग्रहही उरलेला नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठेकेदाराच्या प्रकरणात सुनावणी होती. त्याने आपण होऊन वही आणली. नाव विचारल्यावर दोन-तीन क्षण गेले, मग नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, आणि "ही वही मी लिहिली" एवढे सांगितले. कागद त्याच्या हातात फडफडत होता. अधिकाऱ्याने वही घेतली.

आता आमच्यानंतर प्रश्नोत्तरे आहेत असे चालकांनी जाहीर केले आहे. ज्यांना उभे राहून विचारणे जमेल त्यांनी विचारावे. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दाराशी पाण्याच्या माठाजवळ एक डबा ठेवला आहे. चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. उपचाराच्या नियमाप्रमाणे ही चोरवाट आहे, आम्हांला कबूल आहे. पण आज तळच्या पायरीवर एवढे चालेल. कागद आणि पेन्सिली डब्याच्या शेजारीच ठेवल्या आहेत.